पडद्यावरची मान

विमान आलं नव्हतं. जानेवारीचं धुकं, तिकडचा कोहरा, लखनौच्या अमौसी विमानतळावर असं बसलं होतं की दिल्लीहून निघालेलं विमान वर घिरट्या घालून परत गेलं, अशी खबर इस्पितळात आली. मग खबर आली की ते निघालंच नव्हतं. मग तिसरी आली, की डॉक्टर गोपीनाथ विमानात बसलेच नव्हते, ते रेल्वेने केव्हाच येऊन अतिथिगृहात आंघोळ करतायत. प्रत्येक खबरीमागे पंढरीनाथ सोवनी जिना उतरून चौकशीच्या खिडकीपर्यंत गेले आणि तसेच वर आले. तिसरी खबर खरी निघाली. पण तोवर त्यांनी खिडकीतल्या बाबूशी भांडण काढलं होतं, ते मिटवायला ते पुन्हा एकदा खाली गेले.

आत खाटेवर लीलावती सोवनी पहाटेपासून उपाशी पडून होत्या आणि त्यांना काही होत नव्हतं. हे या घरातलं नेहमीचं वाटप. दुखणं एकाचं, तळमळ दुसऱ्याची.

दुखणं मानेतलं होतं. मेंदूला रक्त नेणारी डाव्या बाजूची रक्तवाहिनी आतून किटण धरून दोऱ्याएवढी उरली होती. ते कळलं दिवाळीच्या चकल्यांपायी. लीलावतीबाई सोऱ्या फिरवत होत्या आणि उजव्या हातातून तो एकदम निसटला. मुलगी रुचा शेजारीच उभी. तिला त्या ‘गॅस बारीक कर’ असं सांगायला गेल्या आणि तोंडातून निघालं, “पडदा... त्याचा पडदा, पडदा ना.” रुचा घाबरून वडलांना हाका मारत बाहेर धावली. पंढरीनाथ येईपर्यंत सगळं जागेवर आलं होतं. लीलावतीबाईंचं पहिलं धड वाक्य होतं, “तेल कुठून आणलंत हे? वास बघा.”

त्यांनी ते पित्तावर ढकललं. पंढरीनाथांनी ढकलू दिलं नाही.

पंढरीनाथ विषांचे शास्त्रज्ञ. लखनौच्या एका संशोधन संस्थेत त्यांची हयात गेली ती कुठलं विष किती दिलं तर किती उंदीर जगतात, हे बघण्यात. निवृत्त होऊन गोमती नगरात घर बांधलं, तरी डोकं प्रयोगशाळेतच राहिलं. कोणी म्हणालं ‘अमक्याला गुण आला’, की हे विचारणार, किती जणांपैकी? अशा माणसापुढे डॉक्टरांनी तीन रस्ते ठेवले आणि त्याची झोप घालवली.

पहिला रस्ता गोळ्यांचा. रक्त पातळ ठेवायचं आणि वाट बघायची. दुसरा सुरीचा. मान उघडून, रक्तवाहिनी चिरून, आतलं किटण खरवडून पुन्हा शिवायची. तिसरा नवा होता. जांघेतून एक तार सरकवत मानेपर्यंत न्यायची, अरुंद जागी इवलासा फुगा फुगवायचा आणि मग तिथे जाळीची एक नळी सोडायची. ती उमलते आणि वाट उघडी धरून ठेवते. चिरफाड नाही, भूल नाही, रोगी जागा. धोका एवढाच, की तार फिरवताना किटणाचा कण सुटून वर मेंदूत गेला तर त्याचं काय होईल ते तो कुठे अडकतो त्यावर.

सुरीच्या बाजूने हजारो रोग्यांचे अभ्यास होते. तारेच्या बाजूने काही शे. संस्थेच्या लायब्ररीतून झेरॉक्सा आणून पंढरीनाथ सकाळी सुरीचे होत आणि संध्याकाळी तारेचे. शेजारचे कर्नल जयसिंग फिरायला जाताना विचारत, “सोवनी साहब, आज कौन-सी पार्टी?” आणि हे खरंच उत्तर देत.

लीलावतीबाई म्हणायच्या, “तुमचं ठरलं की सांगा, म्हणजे मी डाळ भिजत घालायची का नाही ते ठरवते.”

एकदाच त्या गंभीरपणे बोलल्या. पंढरीनाथ टेबलावर कागद पसरून बसले होते. त्यांच्या खांद्यामागून त्या म्हणाल्या, “हात गेला तर मी डाव्याने करीन. पाय गेला तर बसून करीन. वाचा जाता कामा नये. एवढं तुमच्या त्या कागदांत कुठे लिहिलंय का बघा.”

कागदांत ते होतं. डावी बाजू म्हणजे उजवा हात आणि बोलणं. पंढरीनाथांनी ते वाचलं होतं आणि घडी घालून खाली ठेवलं होतं.

शेवटी निकाल भूलतज्ज्ञाने दिला. लीलावतीबाईंना मागे एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता. त्यांच्या हृदयाच्या आलेखाची पट्टी बघून त्याने तोंड असं केलं की सुरी आपोआप बाद झाली. उरली तार. पण त्या इस्पितळात तारेने हृदयाच्या नळ्या उघडत. मानेला कोणी हात लावला नव्हता. मानेवाले डॉक्टर गोपीनाथ, मूळचे मद्रासचे, कायमचे परदेशात, जानेवारीत परिषदेसाठी यायचे होते. ते दोन रोग्यांवर इलाज करून दाखवणार होते. दाखवणार, म्हणजे इलाज खालच्या खोलीत आणि त्याचं चित्र वरच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर, देशभरच्या दीडदोनशे डॉक्टरांपुढे. मधे माइक, म्हणजे वरच्यांनी विचारायचं आणि खालच्यांनी सांगायचं.

हे त्यांना सांगितलं आशिषने. आशिष सबनीस त्याच इस्पितळात शिकाऊ क्ष-किरण डॉक्टर, वडील फौजेत, लखनौच्या गणेशोत्सवात मोदक मोजून घेणाऱ्यांपैकी. “काका, एवढा माणूस परत मिळणार नाही,” तो म्हणाला. “फक्त काकूंना सांगा, की लोक बघणार आहेत.”

इथे पंढरीनाथ चुकले. चुकले म्हणजे त्यांनी सांगितलंच नाही. मागे एकदा प्रोफेसरांबरोबर चार विद्यार्थी खाटेशी आले होते, तर लीलावतीबाई पदर गळ्याशी धरून म्हणाल्या होत्या, “मैं नमूना हूँ क्या?” आणि चौघं खरोखरच बाहेर गेले होते. दीडशे लोकांचं कळलं असतं तर त्या रिक्षा करून घरी गेल्या असत्या. तेव्हा पंढरीनाथांनी इंग्रजी कागदावर बोट ठेवलं, लीलावतीबाईंनी बोटाखाली सही केली आणि “मोठा डॉक्टर येतोय” एवढंच सत्य त्यांच्या वाट्याला आलं.

रुचा जन्मल्यापासून लखनौची. मराठी सगळं कळतं, पण राग हिंदीत येतो. ती म्हणाली, “बाबा, आई को बताइए. ये ठीक नहीं है.”

“सांगतो ना.”

“कब?”

“झाल्यावर.”

“झाल्यावर को बताना नहीं कहते.”

त्यांनी विषय बदलला, म्हणजे उठून फेऱ्या मारायला गेले.

तर डॉक्टर गोपीनाथ आंघोळ करून आले आणि लीलावतीबाईंना खाली नेलं. रुचा खालच्या दाराबाहेर बाकावर बसली. नातेवाइकांनी तिथेच बसायचं होतं. पंढरीनाथ बसले असते तर बाक झिजला असता. ते आशिषच्या मागे लागले, आणि आशिषने आधी नाही, मग नाही, मग नाही म्हणून शेवटी न आलेल्या एका पाहुण्याचा बिल्ला त्यांच्या स्वेटरला लावला. डॉ. बी. एन. त्रिवेदी, बनारस.

“मागच्या रांगेत बसा काका. आणि प्लीज, काही बोलू नका.”

“मी कशाला बोलू?”

सभागृहात चहा फिरत होता. शेजारचे कानपूरचे डॉक्टर बिल्ला वाचून म्हणाले, “त्रिवेदी जी, बनारस में भी ऐसा ही कोहरा है?” पंढरीनाथ म्हणाले, आहे. मग बनारसच्या हवेविषयी त्यांनी आणखी दोन खोट्या गोष्टी सांगितल्या, कारण समोर पडदा उजळला होता आणि त्यावर त्यांच्या बायकोची मान होती.

करड्या रंगाची. त्यात एक काळी, झाडाच्या बुंध्यासारखी रेषा वर चढत होती आणि फांदी फुटते तिथेच चिमटा घेतल्यासारखी बारीक झाली होती. सभागृहात पसंतीचा हुंकार उठला. चांगला रोगी मिळाला, असा. पंढरीनाथांनी स्वतः आयुष्यभर उंदरांच्या यकृतांवर असे हुंकार काढले होते. आज पहिल्यांदा त्यांना तो आवाज आवडला नाही.

दुसऱ्या छोट्या पडद्यावर खोली दिसत होती. हिरव्या कापडांखाली कोणीतरी, हिरव्या टोप्यांतले पुरुष, आणि उजव्या हाताच्या मुठीत एक पिवळं रबरी बदक. दाबलं की पिपाणीसारखं वाजणारं. डॉक्टर गोपीनाथ म्हणाले की रोगी जागा असण्याचा हाच फायदा. हात आणि वाचा क्षणोक्षणी तपासता येतात. त्यांना हिंदी जेमतेम. त्यांनी तीन प्रश्न पाठ केले होते. आपका नाम, कौन-सा शहर, पति का नाम. रोग्याला ताकीद एवढीच, की मान हलवायची नाही आणि विचारलेल्याचं उत्तर सोडून एक शब्द जास्त बोलायचा नाही. बोललं की चित्र हलतं.

“आपका नाम?”

“लीलावती सोवनी.”

“कौन-सा शहर?”

“लखनऊ.”

तार वर सरकली. पंढरीनाथांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. शेजारचे कानपूरकर म्हणाले, “हाथ बहुत साफ़ है.” हात साफ होता. तार चिमट्याच्या जागेतून पार झाली, फुगा जागेवर आला, फुगला. त्याबरोबर कोपऱ्यातल्या यंत्राची टिकटिक मंद झाली, आणखी मंद झाली. डॉक्टर गोपीनाथ शांतपणे म्हणाले की मानेत फुगा फुगला की नाडी अशी पडते, अपेक्षितच आहे. इंजेक्शन दिलं. टिकटिक परत आली. फुगा उतरला.

“बत्तख दबाइए,” खालचा मदतनीस म्हणाला.

बदक वाजलं. सभागृह हसलं.

“पति का नाम?”

काही नाही.

“माताजी, पति का नाम?”

टिकटिक चालू होती. हिरव्या कापडाखालून काही आलं नाही. डॉक्टर गोपीनाथांनी मान वर केली, आणि त्यांच्या आवाजातला परिषदेचा सूर गेला. हात चालतोय, बोलणं थांबलंय, ते म्हणाले. बारीक कण असेल. बोलण्याच्या भागात गेला असेल. पहिल्या रांगेतले एक जाडे प्रोफेसर माइकवर म्हणाले, असं होतं, नुसती वाचा जाऊ शकते. खाली कोणीतरी चित्रं काढली. वरच्या बारीक फांद्यांत एखादी तुटली आहे का, ते सांगता येईना. एक म्हणाला आहे, एक म्हणाला नाही. वेळ घालवण्यात अर्थ नाही, डॉक्टर गोपीनाथ म्हणाले. गुठळी विरघळवायचं औषध भरा.

आता पंढरीनाथांच्या अंगात जे चाललं होतं त्याचे दोन रकाने होते.

पहिल्या रकान्यात ही गोष्ट, की लीलावतीबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात एकदा सगळ्यांनी हट्ट करून घ्यायला लावलं तेवढंच. रेशन कार्डाच्या कचेरीतसुद्धा त्यांनी बाबूला दारावरच्या पाटीचा फोटो दाखवला होता. मान हलवून नाही म्हणायची त्यांना बंदी, ‘आम्ही नाव घेत नाही’ असं म्हणायची बंदी, कारण ते उत्तर नव्हे. जे एकच बोलायची परवानगी होती तेच त्या बोलणार नव्हत्या. खोलीत एखादी बाई असती तर तिने ताबडतोब सांगितलं असतं, पण आत होते सगळे पुरुष. त्यांच्या प्रत्येकाच्या आईने जन्मभर नवऱ्याला ‘अजी, सुनते हैं’ अशीच हाक मारली असणार. पण आईचं वागणं काही डॉक्टरकीच्या परीक्षेला नसतं.

दुसऱ्या रकान्यात दिवाळीतलं ते ‘पडदा, पडदा ना’.

आणि ते औषध. गुठळी असेल तर ते औषध. नसेल तर नाजूक झालेल्या मेंदूत रक्तस्राव घडवणारं विष. गुठळी आहे की नाही यावर त्याचं औषध होणार की विष ते ठरत होतं, हे पंढरीनाथांइतकं त्या सभागृहात कोणालाच ठाऊक नव्हतं. आपण उठून ‘काही झालं नाही’ म्हटलं आणि झालं असलं, तर वाचा आपण घालवली. गप्प बसलो आणि झालं नसलं, तर कदाचित बायको. नमुना एक. तुलनेला कोणी नाही.

खाली पिचकारी भरून झाली होती. पंढरीनाथ उभे राहिले. उभे राहिल्याचं त्यांना नंतर कळलं.

आशिष माइक घेऊन फिरत होता. त्याने काकांना बघितलं आणि माइक पाठीमागे धरला. पण व्यासपीठावरून सूत्रधार आसनांची यादी बघून म्हणालेच, “जी, डॉक्टर त्रिवेदी, बनारस. जल्दी कहिए.”

“मैं त्रिवेदी नहीं हूँ,” माइक घेऊन पंढरीनाथ म्हणाले. “मैं पति हूँ.”

कानपूरचे डॉक्टर चहासकट त्यांच्यापासून थोडे दूर सरकले.

“औषध थांबवा,” ते हिंदीत म्हणाले. “ती माझं नाव घेत नाही. कधीच घेत नाही. म्हणून गप्प असेल.”

भिंतीवरच्या पेटीतून डॉक्टर गोपीनाथांचा आवाज आला. “आर यू शुअर?”

दुसरा कोणी नवरा असता तर हो म्हणाला असता. “नो,” ते म्हणाले. “आय ॲम नॉट. दुसरं काही विचारून बघा.”

“तुम्हीच विचारा. लवकर. तिला तुमचा आवाज ऐकू येतोय.”

पंढरीनाथांना प्रश्न सुचेना. प्रश्नाला ती उत्तर देईलच असं नाही. प्रश्नांना उत्तर न देण्यात लीलावतीबाईंचा हातखंडा होता. पण चुकीचं विधान त्यांनी आजवर कुणाचंही, कुठेही, सोडलं नव्हतं. मंत्र्याचं नाही, पुरोहिताचं नाही. पंढरीनाथांनी माइक तोंडाशी धरला, आणि दीडशे डॉक्टरांपुढे, मराठीत, थोडं ओरडूनच, म्हणाले:

“अगं, पुरणात सुंठ घालायची पद्धत माझ्या आईची ना?”

टिकटिक. टिकटिक. पडद्यावरची मान थोडी हलली. चित्र धुरकटलं.

“तुमच्या आईंनी सुंठ कधी डोळ्यांनी तरी पाहिली होती का?” पेटीतून आवाज आला. थोडा जड, पण सलग. “त्या जायफळ घालायच्या, तेसुद्धा किसायचा कंटाळा म्हणून ठेचून. सुंठ माझ्या माहेरची. तुमच्या बहिणीने ती माझ्याकडून नेली आणि सासरी आपली म्हणून सांगितली, आणि त्या वेळी तुम्ही तिथेच बसून मान डोलावत होतात.”

डॉक्टर गोपीनाथांनी हात वर केला. पिचकारी ताटलीत ठेवली गेली, तिचा धातूवर आवाज झाला. सभागृहात कोणीतरी हसलं आणि मग सगळे हसले, टाळ्या पडल्या. पंढरीनाथांच्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे ते खालीही ऐकू गेलं.

“कोण हसतंय?” लीलावतीबाई म्हणाल्या. “अहो. तुम्ही कुठे आहात? एवढे लोक कोण आहेत?”

पंढरीनाथांनी माइक आशिषकडे दिला.

“व्हॉट डिड शी से?” डॉक्टर गोपीनाथांनी विचारलं.

आशिषने एकदा काकांकडे बघितलं. “स्पीच नॉर्मल, सर,” तो म्हणाला. “मेमरी आल्सो.”

जाळीची नळी त्यानंतर सोडली. ती उमलली. चिमटा गेला आणि काळा बुंधा वरपर्यंत सरळ चढला. पुन्हा हुंकार उठला. पंढरीनाथ तो ऐकायला थांबले नव्हते. ते जिन्यात होते; बिल्ला काढायला गेले तर टाचणी बोटात रुतली.

संध्याकाळी लीलावतीबाई वॉर्डात होत्या. जांघेवर वाळूची पिशवी, पाय सरळ, हलायचं नाही. डॉक्टर गोपीनाथ स्वतः येऊन गेले. त्यांनी चौथा प्रश्न पाठ केला होता, ‘कैसी हैं’, आणि त्याला सविस्तर उत्तर मिळालं. रुचाला सूचना मिळाल्या: दूध नासलं असेल, पाण्यात फिरवायची तुरटी पाट्यावर ठेवली आहे, कर्नलीणबाईंना फोन कर. चहावाल्याशी बोलणं झालं. शेजारच्या खाटेवरच्या उन्नावच्या म्हातारीशी झालं.

पंढरीनाथ खाटेच्या पायथ्याशी उभे होते. “बरं वाटतंय ना?” त्यांनी विचारलं.

लीलावतीबाई छताकडे बघत राहिल्या.

“पाणी देऊ?”

काही नाही.

“अगं, मान दुखते का?”

त्यांनी डोळे मिटले. मघाशी बोलत होती हे खरं, पण कण नंतरही सुटू शकतो. पहिल्या दिवसात सुटतो, असं कागदांत होतं. ते तडक सिस्टरकडे गेले. यमुना सिस्टर रजिस्टर सोडून आली, बॅटरी डोळ्यांत मारली आणि म्हणाली, “अम्मा, ठीक हैं?”

“एकदम ठीक. बत्ती हटाओ, बेटा.”

सिस्टरने पंढरीनाथांकडे बघितलं आणि गेली. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारून पाहिलं, पुन्हा शांतता, पुन्हा ते सिस्टरकडे. तिसऱ्या खेपेला यमुनेने त्यांना दारातच अडवलं. “बाबूजी, अम्मा बोल रही हैं. आपसे नहीं बोल रहीं. उसकी दवा हमारे पास नहीं है.”

“बाबा,” रुचा म्हणाली, “थोडी देर बाहर बैठिए. मैं बात करती हूँ.”

ते बाहेर आले. बाकावर बसले, उठले, पाण्याच्या माठापर्यंत गेले, न पिता परत आले. वॉर्डाच्या दाराला हिरवा पडदा होता. पंढरीनाथ त्याच्या अलीकडे थांबले.

आत लीलावतीबाई उन्नावच्या म्हातारीला हिंदीत सगळं सांगत होत्या. इंग्रजी कागदावर बोट ठेवलेलं, दीडशे परपुरुष, त्यांत हा माणूस दुसऱ्याचं नाव लावून बसलेला. आधीची गोष्टही निघाली, त्याआधीची निघाली, नणंद निघाली. आवाज चढत होता, मधेच दम घ्यायला थांबत होता. थांबला की पंढरीनाथांचा हात पडद्याकडे जात होता, आणि पुढचं वाक्य सुरू झालं की खाली येत होता. म्हातारी विचारत होती, “फिर?”

त्यात त्यांच्याविषयी एकही चांगला शब्द नव्हता. रुचा बाहेर येऊन म्हणाली, “चलिए, चाय पी लेते हैं.”

“तू हो पुढे,” ते म्हणाले. “मी ऐकतोय.”